झाकण उघडा, नाय म्हणा

लग्नात मिठाईचा खोका हातात पडला, की कुंभवलीचे कृष्णकांत संखे मिठाई बाजूला काढून ठेवायचे आणि आधी खोका उलगडून बघायचे. चारी बाजू सपाट करून, कडेवरून अंगठा फिरवून ते शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्याला सांगायचे, "कापलाय बरा, पन घडीची रेघ नीट मारली नाय." सांगायचे म्हणजे ओरडायचेच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी पंचिंग मशीनवर काढली होती. मशीनचा जबडा दर दोन सेकंदांनी उघडायचा नि मिटायचा, आणि त्या धडधडीत ज्याला ओरडता येत नाही तो मुकाच राहतो. घरी जेवताना त्यांनी मीठ मागितलं तरी भिंतीपलीकडचे अण्णा दचकायचे.

मे महिन्यात कृष्णकांत निवृत्त झाले. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात झाकणांची अदलाबदल करून पाहिली. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नी आनंदी, ज्या ओटीवर शिलाई मशीन मांडून गावाचे ब्लाऊज शिवायच्या, त्यांनी मशीनवरचा पाय थांबवला, उठून आतून नातीला उचलून आणलं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"ही घ्या. हिला सांभाळा, नि माझे डबे सोडा."

रिद्धी वीस महिन्यांची होती. तिचे आईवडील, म्हणजे संख्यांची सून मेघाली आणि मुलगा दर्पण, दोघंही सकाळी कामावर जायचे. रिद्धीला चालता यायचं, पळता यायचं, उंबऱ्यावरून उडी मारता यायची, पण बोलता एकच शब्द यायचा. नाय. दूध पाहिजे? नाय, असं म्हणून ती पेला तोंडाला लावायची. आजोबांकडे येतेस? नाय, आणि दोन्ही हात वर. झोप आली? नाय, आणि डोळे मिटलेले. नकाराचा एवढा आनंदाने उपयोग करणारं माणूस कृष्णकांतांनी कारखान्यात, युनियनमध्येसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्याच सुमाराला रिद्धीची मावशी नाशिकहून आली आणि येताना एक पुस्तक घेऊन आली. जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे, आणि पानापानावर उघडणारी छोटी छोटी झाकणं. झाडाचं दार उघडलं की आत कोल्हा. बर्फाचा ढीग उचलला की खाली ससा. रिद्धीने झाकण उघडलं, कोल्ह्याकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, "नाय!"

कृष्णकांतांनी पुस्तक हातात घेतलं. वास घेतला. पान वाकवून पाहिलं. मग झाडाचं दार उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मेघालीने विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

"एकतीस वर्षं!" ते गरजले. "एकतीस वर्षं मी झाकनं कापली, नि आत काय, तर तापाच्या गोळ्या! झाकनामागं गंमत ठेवायची असते ते मला कुनी सांगितलंच नाय!"

चौथ्या दिवशी झाडाचं दार रिद्धीच्या हातात आलं. ती रडली, रडतानाही नायच म्हणत रडली. कृष्णकांतांनी मिठाईच्या खोक्याचा तुकडा कापला, आनंदीबाईंच्या चिंध्यांतली सुती पट्टी बिजागरीसारखी मागून चिकटवली आणि नवं दार बसवलं. ते दार दोन्ही बाजूंनी ओढलं तरी निघेना. रिद्धीने दहा मिनिटं खटपट केली, मग आजोबांकडे आदराने पाहिलं.

त्या दिवसापासून घराला झाकणांनी धरलं. रिद्धी जे आणून देईल त्याला कृष्णकांत झाकण करून देत. चपलेच्या खोक्याला चार खिडक्या झाल्या. वहीच्या पुठ्ठ्याला दार आलं. एका सकाळी आनंदीबाई एकादशी कधी आहे ते पाहायला कॅलेंडरपाशी गेल्या, तर एकादशी उघडत होती. आत एक उंदीर काढलेला होता.

"अहो!" त्या म्हणाल्या. "पुस्तकच करा ना एकदाचं! भिंतीवरचे देव तरी सोडा."

ही गोष्ट त्या रागाने बोलल्या होत्या, पण कृष्णकांत तिथेच खाली बसले. पुस्तकच करायचं. पण कसलं? मावशीच्या पुस्तकातला कोल्हा बर्फात होता, आणि कुंभवलीत कुणी बर्फ पाहिला तर तो रसवंतीवर. शिवाय रिद्धी झाकण उघडून म्हणणार काय, तर नाय. मग त्यांच्या डोक्यात आलं, ही पोर चुकीची नाहीच आहे. पुस्तकच चुकीचं आहे. पुस्तक असं पाहिजे की ज्याच्यात नाय हेच बरोबर उत्तर असेल.

आणि ते उठून थेट कारखान्याच्या फाटकावर गेले. त्यांच्या मशीनवर आता गोरखपूरचा बन्सी होता. एवढ्या वर्षांनी बन्सीला मराठी सगळी कळायची, पण बोलायचा तो हिंदीच.

"संखे भाऊ, लोग रिटायर होके तीरथ जाते हैं," बन्सी म्हणाला. "आप पुठ्ठा माँगने आए?"

"कोरा पायजे. छापलेला नको. पोर तोंडात घालनार."

बन्सीने साहेबांना विचारून कोऱ्या कातरणीची एक गोणी दिली, आणि कृष्णकांत ती सायकलच्या कॅरिअरवर बांधून, वरात घेऊन निघाल्यासारखे गावातून घरी आले.

पुस्तकाची गोष्ट अगदी साधी होती. घरातलं मांजर हरवलंय. ते डब्यात हाय का? झाकण उघडलं की आत लाडू. नाय! माठात हाय का? आत बेडूक. नाय! छत्रीत, पेटीत, टोपलीत, आजोबांच्या चपलेत, कुठेच नाय, नाय, नाय. शेवटच्या पानावर आजीचा पदर, खऱ्या लुगड्याच्या तुकड्याचा. तो उचलला की खाली मांजर. हाय!

चित्रं काढायला घेतल्यावर मात्र कृष्णकांतांची परीक्षा झाली. त्यांचं मांजर मिशा फुटलेल्या वांग्यासारखं दिसत होतं. आनंदीबाईंनी ब्लाऊजवर मापं टाकायचा खडू घेतला, दोन कान आणि शेपूट अशी काही ओढली की वांगं उठून बसलं. कोपरे गोल करायला कृष्णकांतांनी चहाच्या डब्याचं झाकण ठेवून रेघ मारली, कडा काचकागदाने घासल्या, आणि प्रत्येक कड स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिली. पानं चिकटवायला मैद्याची खळ केली, कारण पोटात गेली तरी तिचं काही वाईट नाही.

पोटात जाण्याच्या बाबतीत ते बरोबर होते, फक्त कुणाच्या पोटात एवढं त्यांनी धरलं नव्हतं. सकाळी रिद्धीने डब्याचं झाकण उघडलं आणि आतून लाडवाऐवजी मुंग्यांची रांग बाहेर आली. माठातूनही मुंग्या. छत्रीतून मुंग्या. रिद्धीचा आनंद गगनात मावेना. बर्फातला कोल्हा हलत नव्हता, पण हे पुस्तक चालत होतं! "नाय! नाय! नाय!" करत ती ओटीभर नाचली, आणि आजोबांनी पुस्तक अंगणात नेऊन झटकलं तर तिने गळा काढला.

मग आनंदीबाई म्हणाल्या, "खळ नको. शिवूया." शिलाई मशीनच्या तीन सुया पुठ्ठ्यात मोडल्यावर त्यांनी तो नाद सोडला. कृष्णकांतांनी दाभणाने भोकं पाडली, आनंदीबाईंनी जाड दोऱ्याने हाताने टाके घातले. तिसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक तयार झालं आणि कृष्णकांत नातीला मांडीवर घेऊन ओटीवर वाचायला बसले. एकतीस वर्षांच्या मशीनने घडवलेला आवाज त्यांनी मोकळा सोडला.

"मांजर! कुठं! हाय? डब्यात! हाय का?"

"नाय!" रिद्धी किंचाळली.

"माठात! हाय का?"

"नाय!"

भिंतीपलीकडून अण्णा काठी घेऊन धावत आले. "कवा हरवलं रे? मी वाडीत बघून आलो, चिकूच्या झाडाखाली बी नाय!"

अण्णांना समजावून सांगायला पाच मिनिटं गेली. समजल्यावर अण्णा काठी टेकून खाली बसले आणि म्हणाले, "पयल्यापासून वाच." शेवटी पदर उचलला आणि खाली ते वांग्याच्या अंगाचं मांजर दिसलं, तेव्हा अण्णा "हाय! हाय!" म्हणत टाळ्या वाजवू लागले. रिद्धीने मांजराकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि ठामपणे म्हणाली, "नाय."

मुरबे या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातल्या अंगणवाडीच्या सेविका वत्सलाताई त्या आठवड्यात आनंदीबाईंकडे ब्लाऊज टाकायला आल्या होत्या. ब्लाऊजचं माप राहिलं बाजूलाच. त्यांनी पुस्तक चारदा उघडलं, मिटलं आणि पिशवीत घातलं. "काका, आठ दिवसांसाठी नेते. माझ्याकडं बावीस पोरं हायत नि पुस्तकं म्हनाल तर फाटकी."

तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. "काका, दोन गोष्टी हायत. एक म्हंजे, पुस्तकाचा कोपरा खाल्ला."

"कुनी?"

"पाळीपाळीने सगळ्यांनी. शिवन मात्र जागची हलली नाय. दुसरी गोष्ट जरा नाजूक हाय. टोपलीचं झाकन उघडल्यावर आत तुमी काय काढलंय?"

"मासा."

"कंचा मासा?"

कृष्णकांतांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रश्न असेल ज्याचं उत्तर त्यांनी हळू आवाजात दिलं. "मासा म्हंजे... मासा."

"तेच तर! पोरं भांडतायत. अर्धी म्हनतात बोयटा हाय, अर्धी म्हनतात असला मासा नसतोच. काका, मुरब्याच्या पोरांना नुसता मासा चालत नाय. तुमी या इकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णकांत वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन मुरब्याला गेले. वत्सलाताईंच्या सासूबाई, जमनाबाई, किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होत्या. वत्सलाताईंनी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. जमनाबाईंनी टोपलीचं झाकण उघडलं, पुस्तक जवळ नेलं, लांब नेलं.

"भाऊ, माशाला कान कुठून आले?"

"ते कल्ले हायत," कृष्णकांत म्हणाले.

जमनाबाई वाळूतच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने तोंड पुसून त्यांनी शिकवणी सुरू केली. पापलेट म्हणजे ताटलीसारखं, त्याला वांग्यासारखं फुगवायचं नाही. मांदेली बोटाएवढी. चिंबोरीला, म्हणजे खेकड्याला, पाय किती? कृष्णकांतांनी वहीत सहा काढले होते. जमनाबाईंनी एक जिवंत चिंबोरी त्यांच्या पुढ्यात सोडली आणि म्हणाल्या, "मोजा." ती त्यांच्या चपलेच्या दिशेने निघाली, हे मागे मागे सरकत मोजत राहिले. आठ पाय आणि दोन नांग्या निघाल्या, आणि त्यांतली एक नांगी त्यांच्या धोतराच्या सोग्यात अडकली, तेव्हा किनाऱ्यावरच्या सगळ्या बायांनी कामं टाकून दिली.

पण त्या सकाळची खरी कमाई होती बोंबील. जमनाबाईंनी दोन ओले बोंबील उचलले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. गाठ नाही, खिळा नाही, काही नाही. दोघं एकमेकांच्या तोंडात तोंड देऊन वाऱ्यावर झुलू लागले.

कृष्णकांत त्या दोरीखाली उभे राहिले ते हलेनात. एका खाचेत दुसरी खाच! अशीच खाच मारून त्यांनी लाखो खोक्यांचे तळ बंद केले होते, आणि इथे ती बोंबलाच्या तोंडातच होती.

"जमनाताई, परत एकदा करा!"

"अवं, किती वेळा?"

"अजून एकदाच!"

त्यांनी दहा वेळा करायला लावलं. घरी येऊन पुठ्ठ्याचे बोंबील कापले, जबड्यात खाच मारली, नव्या पानावर वरून खालून टाके घालून दोरा ताणला. आता पोरांनी टोपलीचं झाकण उघडायचं, आतले बोंबील बाहेर काढायचे, तोंडात तोंड अडकवायचं आणि दोरीवर वाळत घालायचे. मांजर नाय ते नाय, पण काम झालं. मुरब्यात हे पान पोचल्यावर पोरं मांजराला साफ विसरली. एक पोरगी तर रोज येऊन पुस्तकातल्या बोंबलांना हात लावून सांगायची की अजून ओले आहेत.

पावसाळा सरल्यावर पालघरला एका संस्थेने अंगणवाडीच्या खेळण्यांचं आणि चित्रपुस्तकांचं प्रदर्शन ठेवलं. वत्सलाताईंनी कृष्णकांतांचं नाव त्यांना न विचारताच दिलं. कृष्णकांतांनी इस्त्रीचा सदरा घातला, आनंदीबाईंनी पुस्तकासाठी अस्तर लावलेली पिशवी शिवली, रिद्धीने दोघांना निघताना "नाय" म्हटलं आणि रिक्षात स्वतःच आधी चढून बसली.

परीक्षक बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी पुस्तक नीट पाहिलं. कोपरे पाहिले, शिवण ओढून पाहिली, बोंबील अडकवून पाहिले आणि गालात हसल्यासुद्धा. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"काम सुरेख आहे. पण भाषा. 'हाय', 'नाय' हे काय लिहिलंय? मुलांच्या हातात जाणारं पुस्तक आहे. 'आहे', 'नाही' असं पाहिजे. शेवटी त्यांच्या कानावर शुद्ध पडायला नको का?"

कृष्णकांतांनी पुस्तकाचा कोपरा उगाच अंगठ्याने चाचपला. "चुकलंच," एवढंच ते म्हणाले, आणि बाई पुढच्या टेबलाकडे गेल्यावर ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. आयुष्यभर त्यांनी साहेबांच्या आखणीबरहुकूम कापलं होतं. रेघ सोडून कापायची वेळ आली ती पहिल्यांदाच, आणि वाकडं गेलं. आनंदीबाई शेजारी येऊन बसल्या. "वांगं सुदारता आलं, मग एक शब्द काय सुदारता येनार नाय?" त्या म्हणाल्या. कृष्णकांत कसनुसं हसले.

दुपारी मुलांची वेळ होती. वत्सलाताई टेम्पो करून मुरब्याची बावीसच्या बावीस पोरं घेऊन आल्या. आल्या आल्या पोरांनी पुस्तक ओळखलं आणि टेबलाला गराडा घातला. परीक्षक बाई तिथेच होत्या. "या, मी वाचून दाखवते," म्हणून त्यांनी स्वतः पुस्तक हातात घेतलं.

"मांजर कुठे आहे? डब्यात आहे का?"

बावीस पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आहे का, मुलांनो?"

एक मुलगा वत्सलाताईंना म्हणाला, "बाई, ह्यांचं पुस्तक येगळं हाय."

वत्सलाताईंनी परीक्षक बाईंकडे पाहिलं, मग पायरीच्या दिशेने तोंड करून हाक मारली, "काका! या वो, तुमीच वाचा!"

कृष्णकांत आत आले. रिद्धी त्यांच्या खांद्यावर होती. त्यांनी पुस्तकाला हातही लावला नाही, कारण पुस्तक त्यांना पाठ होतं. छाती भरून घेतली आणि आवाज सोडला.

"डब्यात! हाय का?"

"नाय!" बावीस गळे आणि वर एक रिद्धी. प्रदर्शनातल्या सगळ्या माना वळल्या.

"माठात! हाय का?"

"नाय!" पलीकडच्या टेबलांवरची पोरं धावत आली. डहाणूची आली, विक्रमगडची आली. ज्यांनी पुस्तक कधी पाहिलं नव्हतं तीही तिसऱ्या झाकणापासून ओरडायला लागली, कारण उत्तर सोपं होतं. छत्रीत नाय, पेटीत नाय, चपलेत तर मुळीच नाय. टोपलीशी आल्यावर मुरब्याच्या पोरांनी बाकीच्यांना मागे सारून बोंबील कसे अडकवतात ते दाखवलं. चहा देणारा माणूस किटली हातात धरून "नाय" म्हणत होता. आणि परीक्षक बाई, ज्यांच्या हातात पुस्तक होतं, त्यांनी पानं उलटता उलटता चष्मा कपाळावर सारला आणि पुढचा प्रश्न कृष्णकांतांच्या आधी स्वतःच फेकला.

"पदराखाली हाय का?"

त्यांनी पदर उचलला. "हाय!" असा आरडाओरडा झाला की बाहेरच्या रिक्षावाल्यांनी आत डोकावलं. त्या गदारोळात खांद्यावरच्या रिद्धीचं ठाम "नाय" फक्त आजोबांच्या कानाला ऐकू आलं.

हसू ओसरल्यावर परीक्षक बाई कृष्णकांतांजवळ आल्या. "संखे," त्या म्हणाल्या, "शब्द बदलू नका. शुद्ध बोलायला मी शिकवीन त्यांना, शाळेत आल्यावर. आधी बोलायला तर लागू देत."

कृष्णकांतांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर लिहिणाऱ्याने पुस्तकाचं नाव 'आहे का? नाही!' असं टाकलं होतं. आनंदीबाईंनी ते तसंच फ्रेम करून लावलं आणि मेघालीने पेनाने खाली खरं नाव लिहिलं.

मग अंगणवाड्यांच्या ताया विचारत येऊ लागल्या. कृष्णकांत कारखान्याच्या साहेबांकडे गेले, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सुट्टीच्या दिवशी जुनं हातमशीन वापरायची परवानगी मागितली. साहेबांनी झाकणं उघडली, बोंबील दोरीवर टाकले, परत काढले, परत टाकले. "कातरण कशीही रद्दीतच जाते," ते म्हणाले, "पण पहिलं पुस्तक माझ्या नातवाला." हिवाळ्याच्या पहिल्या सुट्टीला मशीन सुरू झालं. बन्सी हौसेने पुठ्ठा सरकवत होता, कृष्णकांत दाब देत होते, आणि जबडा उघडला की आतून तापाच्या गोळ्यांच्या शंभर खोक्यांऐवजी शंभर बोंबील बाहेर पडत होते. "भाऊ, इतने साल में पहली बार मशीन हँस रही है," बन्सी म्हणाला. कृष्णकांतांना त्या धडधडीत ते ऐकू आलं नाही, पण तेही हसतच होते.

कुंभवलीपासून सातपाटीपर्यंत साठ पुस्तकं गेली. प्रत्येकाची शिवण आनंदीबाईंची आणि दोन शेजारणींची. खाल्लेले कोपरे दुरुस्तीला परत येतात, तेव्हा कृष्णकांत दातांच्या खुणा बघून सांगतात की मूल साधारण केवढं असेल.

सध्या दुसऱ्या पुस्तकाचं काम चाललंय. त्यात पट्टी ओढली की होडी लाटेवर चढते. पहिला नमुना जमनाबाईंनी पाहिला आणि विचारलं, "भाऊ, सुकाण पुढं लावून ही होडी जानार कुठं?" म्हणून कृष्णकांत उद्या सकाळी पुन्हा मुरब्याला निघालेत. या खेपेला रिद्धीही बरोबर आहे. तिला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "का?"

 मग कृष्णकांतांनी एवढ्या मोठ्याने आनंदीबाईंना हाक मारली की भिंतीपलीकडून अण्णा काठी घेऊन आले.